पेन लवकर थांबतो

माया आमच्या खालच्या मजल्यावर राहते, तिच्या आत्याकडे. आत्या म्हणजे यमुताई, रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात आया आहेत. माया पारशिवनीजवळच्या खेड्यातली. तिला जन्मापासून दिसत नाही. यंदा बारावी, कला शाखा. मे महिन्यात यमुताई निवृत्त होऊन गावी जाणार. मायाला नागपुरात राहून बी.ए. करायचं तर वसतिगृहात जागा हवी, आणि ती मिळते गुणांवर. गुण कमी पडले तर वडील, नत्थूजी, तिला परत न्यायला येणार. तसं त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे.

परीक्षेत मायाने सांगायचं आणि लेखनिकाने लिहायचं. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो. माझी रीना अकरावीत. यमुताईंनी विचारलं आणि मी हो म्हणून बसले. रीनाला विचारायचं राहिलं, आणि तिला लिहिता किती येतं हे तर माझ्या डोक्यातही आलं नाही.

कारण रीना लिहीतच नाही. वर्गात फळ्याचा फोटो काढते. तिच्या फोनमध्ये एकट्या भूगोलाचे दोनशे फोटो आहेत, उघडून पाहिलेला एकही नाही. मैत्रिणींशी दिवसभर चालतं ते चार अक्षरांत. रोज एक पान तरी लिही म्हटलं तर म्हणते, समजते ना मला, मग कशाला? माझ्या मधल्या बोटावर पेनाचा घट्टा अजून आहे. तो दाखवला की क्रीम लावायला सांगते.

फोन तर मायाचाही दिवसभर चालू असतो. तो तिला धडे वाचून दाखवतो, इतक्या वेगाने की मला एक शब्द कळत नाही. ती ऐकते, बंद करते आणि मेथी निवडता निवडता अख्खं उत्तर बोलून दाखवते. दोघींचे फोन एकाच दुकानातले. मग माझं कुठे चुकलं, हे मला कुणीतरी सांगावं.

जानेवारीत आमच्या जेवणाच्या टेबलावर सराव सुरू झाला. माया इतिहासाची उत्तरं सांगायची, रीना लिहायची, मी शेजारी मटार सोलत बसायची. तीन दिवस सुरळीत गेले. चौथ्या दिवशी माया मध्येच थांबली.

"रीना, तुझा पेन लवकर थांबते वं. माझं बोलणं संपाच्या आधीच."

माझी स्पीड आहे, रीना म्हणाली. मायाने वाचायला सांगितलं. रीनाने न अडखळता सगळं म्हणून दाखवलं, मायाचे शब्द जसेच्या तसे. माया माझ्या दिशेने वळली.

"एवढं वाचलं, पण पान नाही उलटलं. काकू, आता तुम्ही वाचा."

मी वही ओढली. सहा ओळी. सात कारणांची तीन झाली होती, सनावळी गायब, उदाहरण नाही, शेवटी 'वगैरे'. मी ते वाचलं. लाज मलाच वाटली.

अर्थ तोच आहे ना, हात दुखतो, एवढं कोण लिहितं, असं रीनाचं सुरू झालं. मी तिला बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात माया बोलली.

"तू मले समजून नको घेऊ. मी बोलते ते लिही. कमी कराचं असन तं मी करीन."

लेखनिक बदलायला दोन दिवस शिल्लक होते. मी खाली जाऊन यमुताईंना म्हटलं, दुसरी मुलगी बघा, आमच्या पोरीपायी हिचं वर्ष जाईल. उत्तर मायानेच दिलं. "दुसरीचा तरी पेन कुठं चालते, काकू? हिचा थांबते तं मले आयकू येते."

मग रोज दोन तास. रीनाचा फोन मायाच्या मांडीवर. पेन थांबला की माया नुसतं "हं" म्हणायची. फोन थरथरला की म्हणायची, "कोणी मरून नाही राहिलं, लिही." रीना रडली, दोनदा वही आपटून गेली, एकदा दोन दिवस टेबलाशी आलीच नाही आणि मी तिच्या खोलीच्या दाराबाहेर उभी राहून घसा कोरडा केला. फेब्रुवारीत तिच्या मधल्या बोटावर लाल खळगा पडला. तो तिने मला दाखवला नाही, बोट मायाच्या हातात दिलं.

आज पहिला पेपर झाला. मी केंद्राबाहेर उन्हात उभी. सुटल्यावर रीनाचा मेसेज आला: झालं. एवढंच. काय झालं, किती झालं, त्या एका शब्दावर मी पंधरा मिनिटं जीव टांगून ठेवला.

दोघी आल्या. रीना बोटं चोळत होती. माया म्हणाली, "दोन पुरवण्या लागल्या, काकू. मीच मोजल्या, दोरा बी मीच बांधला." मग रीनाकडे मान वळवून, "शेवटी हिचा हात दुखून राहिला होता म्हणून मी आटपून राहिली होती. तं हे मले म्हणते, पूर्ण सांग."

रीना ऑटो बघायला पुढे गेली.

घरी आल्यावर मी तिला आठवण करून दिली, तुझी स्वतःची परीक्षा महिन्यावर आहे, भूगोलाच्या नोट्स कुठे आहेत? तिने फोन वर धरून दाखवला. फोटो आहेत ना.

मायाचे पेपर संपू देत. मग तिलाच सांगणार आहे, रोज वर येऊन हिच्या वहीशेजारी कान देऊन बस म्हणून.