मावशीचा आवाज

जामखेडजवळच्या एका गावात मी तीन उन्हाळे एका मावशीकडे जात होते. नात्यातली नव्हे. जन्मभर ऊसतोडीला गेलेली ही बाई बोलायला लागली की उठावंसं वाटायचं नाही. तिच्या बोलण्यावरच माझं पुस्तक झालं. तिला वाचता येत नव्हतं. छापलेली प्रत कपाळाला लावून तिनं विचारलं, "यातलं मला कसं कळायचं गं?"

म्हणून प्रकाशकांचा फोन आला तेव्हा मला फार आनंद झाला. छापील पुस्तक आणि ई-बुक निघालंच होतं, आता ऑडिओबुक काढायचं होतं. त्यांनी तीन आवाजांचे नमुने पाठवले. तिघींनीही पहिलंच पान वाचलं होतं. त्या पानावर सगळं माझं निवेदन, मावशी कुठेच बोलत नव्हती. त्यातला सगळ्यात गोड आवाज मी निवडला. संवादही ऐकवा, असं म्हणायचं मला सुचलं नाही.

ऑडिओबुक आलं त्याच आठवड्यात मी मोबाईल घेऊन तिच्याकडे गेले. अंगणात शेजारणीही जमल्या. कोयत्यानं तिचं बोट तुटलं तो प्रसंग मी लावला. निवेदन थांबलं आणि मोबाईलमधली मावशी बोलू लागली. चिरका आवाज, लांबलचक हेल, प्रत्येक 'लई'वर, 'न्हाई'वर जोर, सिनेमातल्या विनोदी बाईसारखा. शेजारणी हसल्या. मावशीही थोडं हसली. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "बंद कर."

मी बंद केल्यावर म्हणाली, "मी अशी बोलते व्हय गं?"

"नाही मावशी. त्या बाईला जमलं नाही."

"तू आदी आयकलं न्हाई?"

मी मोबाईल पिशवीत टाकला.

नगरला परतल्यावर मी प्रकाशनाच्या संपादकांना फोन करून मावशीचे संवाद पुन्हा रेकॉर्ड करायला सांगितलं. माणूस भला होता, पण म्हणाला, "स्टुडिओचं काम संपलंय, ऑडिओ सगळीकडे गेलाय. आणि खरं सांगू? लोकांना नेमका तोच भाग आवडतोय."

ते ऑडिओबुक अजूनही विकलं जातंय.

दोन महिन्यांनी मी पुन्हा गेले. सुनेशी मावशी नेहमीसारखी मोठ्यानं बोलत होती. मला पाहून थांबली. चहा पुढे ठेवला.

"साखर बरोबर... आहे ना?" शब्द जुळवत तिनं विचारलं. "तुम्ही बसा ना खाटेवर."

मला ती कधीच तुम्ही म्हणत नव्हती. मी खाटेवर बसले. चहा संपेपर्यंत आम्ही शेळ्यांबद्दल बोललो, मोजकंच.