नाटकाचं दार

छातीवर आडवा तळहात ठेवून माणूस थांबवायची त्यांची रीत होती. मोर्णा नदीच्या पुलावरून तुम्ही भाजीची पिशवी घेऊन घाईने निघालेले असा, समोरून तो काळा कोट आला की समजायचं, एक प्रवेश ऐकल्याशिवाय सुटका नाही. "थांबा जी. हे वाचलं का? नसन वाचलं तर ऐका." मग कोटाच्या आतून एखादं नाटक बाहेर यायचं, आणि बैलगाड्या, टांगे, सायकली दोन्ही बाजूंनी वळसा घालून जायच्या.

अकोल्यात सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणत. घर जुन्या शहरात, कोर्ट पुलापलीकडे. वकिली बेताचीच चाले, आणि ती का चालत नाही हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ओट्यावर बांधाच्या भांडणाचा पक्षकार बसलेला, आणि वकीलसाहेब त्याला दुसरा अंक वाचून दाखवताहेत. तो बिचारा मन लावून ऐकायचा आणि अंक संपल्यावर विचारायचा, "मंग साहेब, माही तारीख कवाची हाये?"

असा माणूस तुमच्याही गावात असेल. हा स्वतः नाटक लिहीत नाही, तोंडाला रंग लावत नाही, पेटीला हात लावत नाही. फक्त "हे नाटक व्हायले पाह्यजे" म्हणत गावभर फिरतो, आणि गाव त्याला टाळण्यासाठी गल्ल्या बदलतं. पुण्यामुंबईला किंवा नागपूरला नवं नाटक छापून निघालं की वकीलसाहेबांकडे ते टपालाने यायचं. वाचून झालं की ते आमच्या नाट्यमंडळाकडे यायचं, आणि मंडळाकडून जसंच्या तसं परत जायचं. मी हायस्कुलात मास्तर आणि मंडळाचा प्रॉम्प्टर, त्यामुळे ही ये-जा वर्षानुवर्षं माझ्या समोर होत असे.

त्यांचा एक नेम होता. नाटक कितीही भरात आलेलं असो, शेवटचा अंक सुरू व्हायच्या आत ते पुस्तक मिटत. पुढे काय होतं म्हणून कोणी विचारलं की म्हणत, "शेवट वाचाचा नसते. शेवट थेटरात बसून पाहाचा असते." त्यांनी मला ऐकवलेल्या एकाही नाटकाचा शेवट मला माहीत नाही, कारण त्यांतलं एकही अकोल्याच्या थेटरात आलं नाही.

याचं कारण सांगायचं तर आमच्या मंडळाचे पडदे सांगायला हवेत. ते चार होते. राजवाडा, रस्ता, अरण्य आणि देऊळ. श्रावणात ते उन्हात पसरायचे, कोणत्या पडद्याला उंदीर लागलेत ते पाहायचं आणि जे शाबूत निघतील त्यांवर गणपतीचं नाटक ठरवायचं, ही आमची पद्धत. राजवाडा धड असला तर राजाचं नाटक. राजवाडा गेला आणि अरण्य राहिलं तर राजाचा वनवास. रंगभूमीच्या प्रगतीच्या गप्पा मारणारे सुशिक्षित लोक, पण आमचं नाटक उंदीर निवडत असत.

अशा मंडळापुढे वकीलसाहेबांनी एकदा एक हस्तलिखित आणलं. लिहिणारा तेल्हाऱ्याचा तरुण शाळामास्तर, माळ्याच्या घरचा. घरची फुलांची बाग, पहाटे फुलं तोडायची आणि मग शाळा. नाटकाचं नाव 'आतली कडी'. देवळाला फुलं पुरवणारा एक विधुर माळी आणि त्याची एकुलती लेक. लेक नर्सचं काम शिकायला नागपूरला जायचं म्हणते, बाप म्हणतो, गेलीस तर हे दार तुला बंद. ती जाते. इथे दुसरा अंक संपतो. तिसऱ्या अंकात ती परत येऊन दार ठोठावते, बाप आत हार गुंफत बसलेला असतो, एवढं वकीलसाहेबांनी तोंडीच सांगितलं. पहिले दोन अंक त्यांनी आम्हाला वाचून दाखवले तेव्हा पहिल्यांदाच कोणी जांभई दिली नाही. बाप आणि लेक आमच्याकडे बोलतात तसंच बोलत होते.

"बाप दार उघडते का मंग?" आमच्या चिटणिसांनी विचारलं.

"ते थेटरात," वकीलसाहेब म्हणाले आणि कागद मिटले.

चिटणिसांनी उसासा टाकला. "नाटक बेस हाये जी. पण दाराचा पडदा कुठी आहे आपल्यापाशी?"

राजवाड्याच्या पडद्यावर दार होतं, पण ते रंगवलेलं. त्याला कोण ठोठावणार? तिथेच घोडं अडलं. दुसरा कोणी असता तर घरी जाऊन निजला असता. वकीलसाहेबांनी सुतार लावला. चौकट, उंबरठा, दोन फळ्या, आतून कडी, असं सागवानी दार करून घेतलं आणि बैलबंडीत घालून पुलावरून मंडळाच्या जागेवर आणलं. त्यांच्या घरी न्हाणीला दार नव्हतं, तरट लावलेलं होतं. वहिनी मला म्हणाल्या, "पाहून राहिले ना भाऊजी? घरच्या न्हाणीले तरट, अन् नाटकाले सागवान." पण बोलताना त्या हसत होत्या, हेही खरं.

मंडळाने दाराभोवती फिरून पाहिलं. कोणी कडी लावून पाहिली, कोणी काढून. शेवटी चिटणीस म्हणाले, "दार झालं. पण भिंत कुठी आहे?"

"भिंत लोकं समजून घेतीन," वकीलसाहेब म्हणाले. "दार नाही समजून घेता येत."

मग चिटणिसांनी दुसरं कारण काढलं. नाटकात पदं नव्हती. गणपतीत लोक येतात ते गाणं ऐकायला, आणि आमच्या मुख्य गायक नटाला तर तीन पदांखालचं नाटक म्हणजे अपमान वाटे. दार बंडीतून घरी परत गेलं आणि अंगणात कडुलिंबाला टेकून उभं राहिलं.

मग वकीलसाहेब आणि मी अमरावतीला गेलो. एका मोठ्या नाटक कंपनीचा मुक्काम तिथे पडला होता. कंपनीचे मालक रेशमी उपरणं पांघरून बसले होते. वकीलसाहेबांनी दोन अंक वाचले. मालकांचे डोळे भरून आले, त्यांनी उपरण्याने ते टिपले. मला वाटलं, जिंकलं. गेली इतकी वर्षं पालथ्या घड्यावर पाणी ओतणाऱ्या या माणसाचं एकदा तरी सार्थक झालं.

"वकीलसाहेब, काळीज हलवलंत," मालक म्हणाले. "फक्त एक सुचवतो. नायिका तिसऱ्या अंकात दाराबाहेर उभी आहे. तिला तिथे एक पद घालू."

"ती दार ठोठावून राहिली आहे."

"ठोठावता ठोठावता म्हणेल. रिकामीच तर उभी आहे."

वकीलसाहेबांनी कागद कोटात घातले आणि आम्ही बडनेऱ्याला परतीची गाडी धरली. मूर्तिजापूर गेलं. मग ते म्हणाले, "मास्तर, त्या माणसाचे डोळे खरेच भरले होते, नाही?" मी म्हटलं, हो. "मंग काहून?" एवढंच त्यांनी विचारलं. न आवडलेलं नाटक लोक करत नाहीत हे मला कळतं. आवडलेलं का करत नाहीत, याचा मात्र मला अजून संताप येतो.

पुढे दैवाने एक संधी दिली. आमचा तो गायक नट बोलपटात काम मिळवायला मुंबईला निघून गेला. गाणारा गेला आणि बिनपदांचं नाटक एकाएकी सोयीचं झालं. अडला हरी म्हणतात तसे आमचे चिटणीस स्वतः वकीलसाहेबांच्या ओट्यावर आले. आम्ही सगळे बसलो. मंडळाचे अध्यक्ष रावसाहेब, पेन्शनीतले अंमलदार, माणूस वाईट नव्हता. त्यांनी पुन्हा दोन अंक ऐकले, मान डोलावली आणि म्हणाले, "करून टाका. माझी एकच शंका आहे. नाटक गणपतीपुढे व्हायचं, शेवट मंगल हवा. बाप दार उघडतो ना?"

वकीलसाहेब कागदांची घडी घालू लागले.

"हो म्हणा, आत्ता नारळ फोडू."

"ते मले सांगता येत नाही."

"येत नाही, की सांगायचं नाही?"

"दोन्ही समजा," वकीलसाहेब म्हणाले.

रावसाहेब उठले. चिटणीस उठले. आणलेला नारळ चिटणिसांनी परत पिशवीत घातला. त्या वर्षी राजवाडा शाबूत होता.

सगळे गेल्यावर मी वकीलसाहेबांवर इतका भडकलो की वहिनी माजघरातून बाहेर आल्या. म्हटलं, इतकी वर्षं या लोकांच्या नावाने बोटं मोडता आणि हातात आलेलं नाटक तुमच्या एका नेमापायी घालवलंत. एक 'हो' म्हणायला काय जात होतं?

"हो म्हटलं असतं अन् नाही निघालं असतं तर?" ते म्हणाले.

मला तो वकिली कावा वाटला. मी चपला घालून निघालो आणि पूल ओलांडेपर्यंत रागातच होतो.

त्यानंतरही छातीवर हात पडायचा, पण हात हलका झाला होता. दुसरी नाटकं कोटातून निघायची. 'आतली कडी' मात्र त्यांनी पुन्हा कोणाला वाचून दाखवली नाही. एका हिवाळ्यात त्यांना ताप भरला, छाती धरली आणि आठवड्याच्या आत खेळ आटोपला. मंडळाने दुखवट्याची सभा घेतली. मागे देवळाचा पडदा सोडला होता. चिटणीस म्हणाले की वकीलसाहेब नव्या नाटकाचे खंदे पुरस्कर्ते होते. सगळे हळहळले, आणि ते हळहळणंही खरंच होतं. गणपतीत मग तेच जुनं नाटक लागलं. मी विंगेत बसून प्रॉम्प्ट करत होतो, आणि लोकांना ते इतकं पाठ होतं की माझी गरजच नव्हती.

त्याआधी, तेराव्या दिवशी तेरवीच्या जेवणाला, तेल्हाऱ्याचा तो लेखक आला होता. पानं उठल्यावर आम्ही दोघं अंगणात त्या दाराजवळ उभे राहिलो. माझ्या मनात जुना राग होताच. मी म्हटलं, तुमचं नाटक त्यांच्या हट्टाने बुडालं. बाप दार उघडतो की नाही एवढं सांगितलं असतं तर झालं असतं.

तो म्हणाला, "ते कसे सांगतीन जी? त्यायले कुठी मालूम होतं?"

"म्हणजे?"

"ती येऊन दार ठोठावते इतलंच मी तोंडी सांगतलं होतं, तिसरा अंक त्यायनं घेतलाच नाही. माह्यापाशीच आहे. मी म्हटलं, घेऊन जा. तर म्हणे, मी जन्मभर सारे नाटकं वाचूनच पाहिले. एक तरी मले न वाचता पाहाचं आहे. दारापुढे बसून."

मी कडुलिंबाच्या पारावर बसलो.

"ते रावसाहेब उठून गेले ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते तेल्हाऱ्याले आले होते," तो सांगत होता. "बागेत बसले दिवसभर. मी अंक काढून म्होरं ठेवला. म्हटलं, पाहून घ्या अन् सांगून द्या त्यायले. हात नाही लावला. च्या पेले अन् चालले गेले."

म्हणजे या माणसाने गावाला ज्या शेवटासाठी तहानलेलं ठेवलं, त्या शेवटाची तहान सगळ्यांत जास्त त्यालाच होती. एक 'हो' खोटं बोलला असता तर नाटक झालं असतं. कागद उलटून पाहिला असता तरी कदाचित झालं असतं. पण मग पहिल्या रांगेत बसून ती कडी निघते की नाही हे श्वास रोखून पाहायचं राहून गेलं असतं. ते तसंही राहिलंच. वकीलसाहेब गेले आणि बापाने दार उघडलं की नाही हे त्यांना कधीच कळलं नाही. मला याचं वाईट वाटतं म्हणणं कमी आहे. मला राग येतो, त्यांचाही, आमचाही.

"तुमाले सांगू का, मास्तर?" त्याने विचारलं.

मी नको म्हटलं.

आता आमच्या थेटरात बोलपट लागतात. मंडळाचे पडदे कोणाच्या तरी माळ्यावर गुंडाळून ठेवलेत, उंदरांना निवडायला काही उरलं नाही. मीच आता पुलावर लोकांच्या छातीवर हात ठेवतो आणि लोक माझ्यासाठीही गल्ल्या बदलतात. म्हणून इथे लिहून ठेवतो. अमरावतीत, नागपुरात, कुठेही तुमचं मंडळ असेल आणि नव्या नाटकाच्या शोधात असेल, तर 'आतली कडी' करा. पात्रं थोडी आहेत, पदं नाहीत, तिसरा अंक तेल्हाऱ्याला आहे. शेवट मला विचारू नका.

दाराची काळजी नको. ते वकीलसाहेबांच्या अंगणात अजून उभं आहे. परवा मी वहिनींना म्हटलं, पावसाने कुजून जाईल, न्हाणीला तरी बसवून घ्या. न्हाणीचं तरट आता पार फाटलं आहे. वहिनींनी दारावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाल्या, "नाही भाऊजी. नाटकाचं आहे ते. नाटकवाले आले की नेतीन."