सुईला भिणारे नवरे

निजामाच्या राज्यात मी जालन्याच्या जनाना दवाखान्यात नर्स होते म्हटलं, की लोक बाळंतपणाचे किस्से विचारतात. माझ्याजवळ साठलेत ते मात्र नवऱ्यांचे!

कारण गरमी, म्हणजे उपदंश. हा रोग नवऱ्याकडून बायकोला, तिच्याकडून पोटातल्या लेकराला. कित्येक लेकरं पोटातच जायची. इंजेक्शनं दोघांनी घेतली तरच उपयोग. बायका निमूट दंड पुढे करायच्या. नवरे? आमच्या डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "रोग सोपा आहे गं, नवरा अवघड!"

*

एक टांगेवाला बायकोला फाटकाशी सोडून पसार व्हायचा. "मेरेकू क्या हुआ? मैं तो अच्छा हूँ!"

एकदा डॉक्टरीणबाईच त्याच्या टांग्यात चढल्या. "सामान आत आहे, टांगा अंगणात घे." बिचाऱ्यानं घेतला.

बाई ओरडल्या, "फाटक लावा!"

*

कापसाच्या जिनिंगमधला एक हमाल सुई घ्यायला बराबर यायचा. एके दिवशी त्याच्या जागी दुसराच बाही सारून बसला.

"तू कोण रे?"

"धाकला भाऊ. दादाला सुट्टी भेटली न्हाई, मंग म्या बदली आलो!"

आम्ही पोट धरून हसलो. पण वहिनीचं लेकरू वाचावं म्हणून आलेला तो पोरगा मला फार आवडला.

*

काशीची दोन लेकरं मेलेली जन्मली होती आणि बोल तिलाच लागत होता. तिसऱ्या वेळी ती एकटीच सुया घेत होती. नवरा, सखाराम, काही केल्या येईना. "नवऱ्यानं घेतली नाही, तर रोग परत तुझ्याकडेच येईल," बाईंनी बजावलं. काशी घरी गेली.

पुढे सासूनं डोहाळे विचारले, "काय खावं वाटून राह्यलं, माय?"

"खायला काई नको. ह्यांनी सुई घ्यावी वाटतं."

डोहाळा मोडला तर लेकराचे कान फुटतात म्हणे! दुसऱ्याच दिवशी सासू सखारामला दंडाला धरून घेऊन आली. "बाई, टोचा ह्याला. सुनंचा डोहाळा हाये!" मग दर आठवड्याला म्हातारीच त्याला आणायची. तो डोळे मिटून, दात आवळून सुई घ्यायचा.

काशी बाळंत झाली तेव्हा सखाराम दाराबाहेर उभा होता. आत लेकरू रडलं. चांगलं खणखणीत रडलं. माझेच डोळे भरून आले.

"आत ये रे, पोरगी झाली," मी हाक मारली.

तो आला. पोरीकडे बघायचीही त्याला भीती वाटत होती. स्टुलावर बसला, बाही वर सारली आणि म्हणाला, "द्या बाई. कितीबी द्या."