आठव्या घरातलं घुंगरू

खोटं बोलावं, पण पचेल एवढंच बोलावं. मी एकदा अख्खं घर खोटं लिहिलं... नव्हतंच ते घर, मी मनानं उभं केलं आणि आत माणसंसुद्धा घातली. त्या मूर्खपणाची ही हकीकत.

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. ऐंशी ओलांडली तरी बाजारातून येताना मी अजून स्मशानाकडच्या वाटेनं येते. सावली बरी असते, आणि तिथे ओळखीची माणसं पुष्कळ असली तरी एकही जण थांबवून सुनेच्या तक्रारी सांगत नाही!

पासष्ट-सहासष्ट साल असेल. तारापूरला अणुवीज केंद्राचं काम चाललं होतं आणि बोईसरमध्ये परगावची माणसं भाड्याच्या खोल्या शोधत हिंडत होती. आम्हीही बोईसरलाच राहायचो — मी, माझे हे, सासरे आणि सासऱ्यांची थोरली विधवा बहीण, अक्का. अक्का फारसं बोलत नसत. चेहऱ्यावर देवीचे व्रण, समोर कापूस, दिवसभर वाती वळत बसायच्या.

सासऱ्यांचं मूळ घर पालघरचं, स्टेशनच्या पूर्वेला, आठघर आळीत. आळी आता ओळखू येत नव्हती. तीन घरांच्या जागी गवताची वखार झाली होती, दोन घरांत लहान लहान खोल्या काढून भाडेकरू ठेवले होते. अशात ज्ञातिमंडळाची स्मरणिका निघायची ठरली. सासरे निवृत्त शिक्षक, म्हणून "आमची आळी" हा लेख त्यांच्याकडे आला. पण त्यांचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर पट्टी. ते म्हणाले, "सूनबाई लिहील. बी.ए. आहे ती, इतिहास घेऊन."

झालं! सेकंड क्लास बी.ए. — पण मला वाटलं, आता आपल्यावाचून पालघरचा इतिहास अडलाय. विदुषी दिसावं म्हणून मी वेणी सोडून अंबाडा घातला, वही घेतली आणि चारदा पालघरला जाऊन आले.

म्हातारी माणसं भरभरून बोलली. कुणाच्या विहिरीला गोड पाणी, कुणाची बायको भांडकुदळ, सगळं सांगितलं. सात घरांचं. आठव्याचं नाव काढलं की गप्प.

"सातच व्हती," एक आजोबा म्हणाले.

"मग आळीला आठघर का म्हणतात?"

"तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा. चाय घेनार?"

इकडे छापखान्याचे निरोपावर निरोप. शेवटी मी एका दुपारी आठवं घर रचलं. त्या काळात मी रडक्या कादंबऱ्या फार वाचायचे, त्यामुळे करुणरस हाताशी होताच. सासऱ्यांना दिसत नव्हतं म्हणून संध्याकाळी लेख मोठ्यानं वाचून दाखवला. अक्का बाजूला वाती वळत होत्या.

"आठव्या घरात शकू नावाची सहा वर्षांची मुलगी राहत असे. तिचा एक पाय अधू होता. ती कुठे जाते ते कळावं म्हणून आईनं त्या पायात एकच घुंगरू बांधलं होतं. रात्री झोपमोड होऊ नये म्हणून आई त्या घुंगरात कापूस कोंबून ठेवी..."

अक्कांचे हात थांबले.

"कुठल्या पायात?" त्यांनी विचारलं.

हे मी लिहिलं नव्हतं. तरी तोंडातून गेलं, "डाव्या."

"हं," अक्का म्हणाल्या. "नाव मातर चुकलं. शकू नाय. मथुरी."

सासरे ताठ बसले. "कोणी सांगितलं तुला हे?"

मी काय करावं? हसले! "कुणी नाही मामंजी, मनानंच लिहिलंय. जागा भरायची होती ना!"

अक्कांनी हातातली वात खाली ठेवली.

मग सासऱ्यांनी हळूहळू सांगितलं. आठवं घर अक्काचं. लग्न आळीतल्या आळीतच झालेलं, नवरा लवकर गेला, पदरात एक मुलगी. तिला देवी आल्या. साथ पसरेल म्हणून सात घरांनी मिळून त्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला आणि मायलेकींना आत ठेवून बाहेरून कडी घातली. खिडकीतून भाकर-पाणी देत. चौथ्या दिवशी मुलगी गेली. पुढे घर पाडलं, आणि त्याचं नाव काढायचं नाही असं सगळ्यांनी ठरवलं.

"कडी मी लावली," सासरे म्हणाले. "बारा वर्षांचा होतो. बाबांनी सांगितलं, लावली. तीन दिवस आतून ते घुंगरू दारापर्यंत यायचं आणि परत जायचं."

मग म्हणाले, "घुंगरू आळीला ठाऊक होतं. कुणीतरी तुझ्यापाशी बोललं असेल. पण कापूस?"

"कापूस कुनाला ठाव असंल?" अक्का म्हणाल्या. "रातचं घरात आमी दोघीच."

सासऱ्यांनी पट्टी बांधलेलं तोंड भिंतीकडे वळवलं. "खोड ते, सूनबाई."

"ऱ्हाऊ दे रे. कडीचं कुठं लिवलंय त्यात? तिची चार अक्षरं तं हायत."

"अक्का, आळीतली सगळी वाचतील. मी काय तोंड दाखवू?"

अक्कांनी कापूस पुन्हा जवळ ओढला. इतिहासकार बाईंनी निमूट पेन उघडलं आणि त्या ओळी खोडल्या. स्मरणिकेत आठघर आळीची सात घरं छापून आली.

नंतर मी पुन्हा पालघरला गेले, एकेकाला विचारलं. कापसाचं कुणालाच ठाऊक नव्हतं, शपथेवर सांगत होते. माझे हे म्हणायचे, "तू कुठेतरी ऐकलं असशील." कुठे ऐकणार? मी लग्न होऊन आलेली साताऱ्याहून, त्याच्या दोनच वर्षं आधी. आणि डाव्या पायाचं तर मी लिहिलंसुद्धा नव्हतं. साठ वर्षं हे डोक्यात घोळवतेय. स्पष्टीकरण नाही. कुणाला सुचलं तर जरूर कळवा, पण "योगायोग" एवढंच लिहिणार असाल तर तसदी घेऊ नका.

एक मात्र राहिलंय सांगायचं. लेख छापखान्यात गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी तांदूळ निवडत होते. अक्का माझी वही आणि पेन घेऊन आल्या, समोर बसल्या. त्यांनी जे मागितलं ते मी दिलं नाही. भ्याले मी. पुढे तीन वर्षं त्या जगल्या, पण पुन्हा कधी मागितलं नाही.

म्हणाल्या होत्या, "बाय, तू खोटं लिवतंस ते खरं निघतंय ना? मग आनखी थोडं लिव. कडी उघडली, मथुरी बरी झाली, मोठी झाली, नांदाया गेली... एवढंच लिव. मना वाचता येत नाय, तू निस्तं लिव."