मातीतला रफू

कपडे कुजवायला शिकवणारं कॉलेज असतं, असं कुणी माळीकाकाला आधी सांगितलं असतं, तर काकाने त्याला वेड्यातच काढलं असतं. पण पोटासाठी माणूस काय काय करतो! कला महाविद्यालयाच्या मागच्या अंगणात तो आता तेच करत होता. फॅशनच्या वर्गातली पोरं रात्रंदिवस खपून झगे शिवायची, कोट शिवायची, त्यांच्या घड्यांत लोखंडाचा कीस भरायची आणि वर काकालाच सांगायची, "पुरा." मग गंज, ओल, किडे यांनी आपापलं काम उरकलं की काकाने खड्डा उकरायचा. वर आलेलं तांबडं, भोकाभोकांचं लक्तर भिंतीवर टांगून सगळे माना डोलवायचे. 'आमची ही असती तर एकेकाचा कान पिळला असता,' असं काका मनात म्हणायचा.

त्याची 'ही' रफू करायची. गल्लीतले लाँड्रीवाले जळके, कुरतडलेले कपडे तिच्याकडेच आणून टाकायचे. ती डावखुरी होती, त्यामुळे तिची वीण जराशी उलटीकडे झुकायची. बाकी भोक कुठे होतं ते सांगून दाखवा! फाटकं म्हणून तिला बघवायचं नाही. दुसऱ्याच्या घरी गेली तरी पडद्यातलं भोक बघून हिचे हात शिवशिवायचे. जेवायला हाक मारली की उत्तर ठरलेलं, "एवढं संपवते नि उठते." ताट गार व्हायचं, काका गरम व्हायचा, आणि ती काही उठायची नाही.

मागल्या वर्षी ती गेली. शेवटी शेवटी तिला शुद्ध नव्हती, तरी डाव्या हाताची बोटं चादरीच्या काठावर टाके घालतच होती. काकाने ती आपल्या मुठीत धरली, तर ती मुठीतही हलत राहिली. तिला मातीत ठेवून आल्यावर कितीतरी दिवस त्याच्या तळहाताला ती वळवळ जाणवत असे.

वर्गात एक मुलगी होती. तिचं तोंड म्हणून बंद नसायचं, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणत. ती एकदा नापास झाली होती आणि या खेपेलाही जमलं नाही तर घरचे तिला परत नेऊन घरी बसवणार होते. तिने पांढरा लांब झगा शिवून आणला आणि स्वतःच्या हाताने खड्ड्यात ठेवला. "काका, माझं अख्खं वर्ष या खड्ड्यात आहे हं," ती म्हणाली. काकाने हसून माती लोटली.

झगा बाहेर निघाला तेव्हा सगळा वर्ग भोवती उभा होता. कापडावर गंज चढला होता, डाग छान पडले होते. पण भोक एकही नव्हतं. म्हणजे भोकं पडली होती, पण ती कुणीतरी बुजवली होती! छातीवर, बाहीवर, घेरावर, जिथे जिथे कापड खाल्लं गेलं होतं तिथे तिथे हिरव्या लोकरीचा बारीक रफू होता. चिमणीचा चेहरा पडला. शिकवणाऱ्या बाई सगळ्यांकडे रागाने बघत म्हणाल्या, "हा चावटपणा कुणाचा?" बाईंनी झगा पुन्हा पुरायला सांगितला, परीक्षेला अजून अवकाश होता.

काकाने त्या हिरव्या विणीवरून बोट फिरवलं. ती उलटीकडे झुकलेली होती.

घरी येऊन त्याने खुंटीवरचा स्वेटर काढला. खाकी लोकर संपली म्हणून तिने त्याचे कोपर हिरव्याने भरले होते, आणि "कोपरावर शेवाळ धरलंय" म्हणून काकाने तिला वर्षभर चिडवलं होतं. आता दोन्ही कोपरांना मोकळी भोकं होती. लोकर कुणी ओढून काढल्यासारखी नव्हती, टाका टाका उसवून नेली होती. भ्यायला हवं होतं, पण खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला. ती होती! तिला पोचवलं ती जागा गावाच्या दुसऱ्या टोकाला, मग ती इथे आली कशी, हे विचारायचंही त्याला सुचलं नाही.

माणूस हावरट असतो. दुसऱ्याच दिवशी काकाने आपला फाटका सदरा घेतला आणि चिमणीच्या झग्याशेजारी पुरला. रोज खड्ड्याजवळची रोपं उगाचच खुरपत बसायचा. एकदा मातीला कान लावून बसलेला बाईंनी पाहिला, तेव्हा म्हणाला, "मुंग्या बघतोय." कुणी बाहेरून येऊन उकरत असतं, तर त्याला कुदळीचा आवाज आला असता, पावलांचा आला असता. पण आतून फक्त कापडातून दोरा ओढल्यासारखा आवाज येत होता, थांबून थांबून.

राहवेना तेव्हा त्याने सदरा उकरून काढला. फाटलेली पाठ नीट भरली होती. पण हा दोरा वेगळाच होता, बारीक, चमकणारा, काही ठिकाणी काळा, बराचसा पांढरा. काकाने तो उन्हात धरला. दोरा नव्हताच तो. तिचे केस होते. दोरा संपला म्हणून ती थांबली नव्हती.

त्याने धावत जाऊन शिवणाच्या खोलीतून पांढरं रीळ आणलं आणि खड्ड्याशी वाकला. मग त्याचा हात थांबला. रीळ दिलं तर ते संपेल. मग दुसरं, मग तिसरं. पोरं दर वर्षी नवे झगे पुरणार, आणि ही खाली मान घालून भरत बसणार. मेल्यावरसुद्धा हिला पाठ टेकायला नाही, आणि टेकू न देणारा कोण, तर आपणच! त्याने रीळ खिशात टाकलं.

"अगं," तो मातीला म्हणाला. आजवर त्याने तिला नुसतं ओरडून हाका मारल्या होत्या, असं जवळ बसून कधी सांगितलं नव्हतं. "पुरे आता. फाटलंय ते फाटू दे. माझंही फाटू दे. फार चांगलं केलंस सगळं. नीज आता."

बराच वेळ आतला आवाज चालू होता. मग थांबला.

परीक्षेच्या सकाळी चिमणी काकाच्या आधी अंगणात हजर होती. काकाने कुदळ चालवली, हाताने माती सारली. झगा वर आला तो चाळण होऊन. हिरवी लोकर कुजून गेली होती आणि भोकांतून पलीकडची भिंत दिसत होती. चिमणी आनंदाने किंचाळली, झगा उंच धरून गरगर फिरली. "काका, बघा ना! एकही टाका नाही! किती सुंदर कुजलंय!"

"हो पोरी," काका म्हणाला, "अगदी सुंदर." मग तो खड्ड्याच्या काठावर बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. चिमणीला काय करावं ते कळेना, ती झगा घेऊन नुसती उभी राहिली.