घडी न मोडलेली साडी

आमच्या कपाटाचं एक दार उघडायचं नाही आणि दुसरं लागायचं नाही. जे लागायचं नाही त्याच्या हँडलला मी परकराची नाडी बांधून ठेवली होती. ही नाडी सोडायला आमचे हे घाबरायचे, कारण ती सोडली की वरच्या खणातली दोन-चार पाकिटं हमखास त्यांच्या डोक्यावर यायची. "एक दिवस मी या ढिगाखाली सापडेन बघ," असं ते म्हणायचे. मी म्हणायचे, "सापडा. निदान तुमचे बनियन कुठे असतात ते तरी तुम्हाला कळेल."

मी पाटबंधारे खात्यात कारकून होते. बत्तीस वर्षं नोकरी केली, आणि ती सगळी वीसेक साड्यांवर निभावली. उरलेल्या साड्या नेसण्यासाठी नव्हत्याच. त्या आहेराच्या होत्या. कुणाचं लग्न, कुणाची वास्तुशांत, कुणाच्या मुलाची मुंज, कुणाची साठी, प्रत्येक ठिकाणाहून एक साडी यायची आणि ती पाकिटातून बाहेर काढायच्या आधीच माझ्या तोंडून निघायचं, "ही द्यायला होईल." आपल्याकडच्या बहुतेक घरांत हेच चालतं. साडी येते, वर्ष-दोन वर्षं विसावते आणि पुढच्या घरी जाते. एकच धोका असतो, तो म्हणजे जिने दिली तिलाच ती परत जाण्याचा. म्हणून मी प्रत्येक पाकिटात टाचणीने चिठ्ठी लावत असे: कुणी दिली, कशाबद्दल दिली. माझ्या या पद्धतीचा मला फार अभिमान होता. ऑफिसातल्या फायलींना जी शिस्त होती तीच साड्यांना होती.

मग एका पावसाळ्यात टाचण्या गंजल्या. एका चांगल्या मोतिया साडीवर तांबडा डाग पडला, तशी मी चिडून सगळ्या टाचण्या उपसल्या, आणि चिठ्ठ्याही काढून टाकल्या. म्हटलं, माझ्या लक्षात राहतंय की सगळं. अख्ख्या तालुक्याचे पाटचारीचे नंबर मला पाठ होते, साड्या कोण मोठ्या लागून गेल्या!

हे सगळं निवांत चाललं असतं, पण सुनेला दिवस गेले. सातव्या महिन्यात एके दिवशी ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, बाळाच्या कपड्यांना एखादा खण मिळेल का?" साधाच प्रश्न, पण मी उठून तिच्या खोलीत गेले आणि पहिल्यांदा नीट बघितलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती. तिचे रोजचे कपडे अजून लग्नातल्या सुटकेसमध्ये होते, पलंगाखाली. ती रोज सकाळी वाकून ती सुटकेस ओढायची, ड्रेस काढायची आणि पायाने आत सारायची. आता पोट घेऊन तेच करत होती. त्या खोलीतलं भिंतभर कपाटही माझ्या पाकिटांनी भरलेलं होतं. मला लाज वाटली. पण ती लाज कबूल न करता मी म्हणाले, "एक काय, दोन खण देते. जरा दम धर."

माझी आवराआवर म्हणजे काय, तर वाटून टाकणं नव्हे, पुढे ढकलणं. डोहाळजेवण आठवड्यावर आलं होतं. पाच-सहा बायकांना साड्या द्यायच्याच होत्या. मी कपाटातल्याच काढल्या. विहीणबाईंसाठी मात्र अर्धा तास घालवला. अंजिरी रंगाची, हिरव्या काठाची, बारीक बुट्ट्यांची एक सेमी-पैठणी हाती लागली. धाकट्या नणंदेच्या वास्तुशांतीतली, हे मला पक्कं आठवत होतं. नणंद त्या दिवशी येणार नव्हती, म्हणजे अडचण नव्हती.

विहीणबाई नामपूरच्या. गावातच त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत त्या साड्यांना पिको-फॉल करून देतात. यजमान गेल्यावर मुलीला त्यांनी त्यावरच शिकवलं. आमच्याशी त्या मराठीत बोलतात, मुलीशी अहिराणीत, आणि घाईत असल्या की दोन्हींची मिसळ होते. बोलणं मोजकं, हात मात्र सतत काहीतरी करत असतो. डोहाळजेवणाला मी त्यांना कुंकू लावलं, साडी हातात दिली. त्यांनी पाकिटातून ती अर्धी बाहेर काढली, खालचा काठ उलटा केला आणि त्यावरून अंगठा फिरवला. तो अंगठा मध्येच थांबला. मला वाटलं, धंद्याची सवय. मग त्यांनी साडी कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "भलती चांगली शे, ताई." दुसऱ्या दिवशी पहिल्या बाळंतपणासाठी सुनेला घेऊन त्या नामपूरला गेल्या.

पुढचे दहा दिवस मी स्वतःवर खूश होते. दोन खण रिकामे केले, पुसले, त्यात कागद अंथरला. सुनेला फोन करून मी ते सांगितलं आणि वर म्हणाले, "सुरुवात तुझ्या आईच्या साडीपासून केली बघ. एक गेली की मग दुसऱ्या सुटायला वेळ लागत नाही."

पलीकडे मशीनचा आवाज लांब गेला. ती फोन घेऊन बाहेर आली असावी.

"आई, एक सांगू? रागावू नका," ती म्हणाली. "ती साडी मम्मीनेच तुम्हाला दिली होती. आमच्या लग्नात."

मी म्हणाले, शक्यच नाही. ती म्हणाली, "तिला फॉल लावलेला होता, आई. आहेराच्या साडीला कुणी फॉल लावून देतं का?" आणि मग तिने सांगितलं. लग्नाच्या आधी मम्मी येवल्याला स्वतः गेली होती साडी निवडायला. आल्यावर तिला वाटलं, ऑफिसात जाणारी बाई आहे, फॉलसाठी कुठे हिंडत बसणार, तेव्हा नेसायला तयार अशीच द्यावी. लग्नसराईचे दिवस होते, खोलीत लोकांच्या साड्यांचे ढीग पडले होते, तरी ते बाजूला ठेवून तिने या साडीला हातशिलाईने फॉल लावला. टाका वरून दिसू नये म्हणून दोनदा उसवला. "मम्मीने मला शपथ घातली होती तुम्हाला सांगायचं नाही म्हणून," ती म्हणाली. "पण तुम्ही आत्ता म्हणालात ना, एक गेली म्हणून. मला राहवलं नाही."

माझ्या नाकावर राग असतो, आणि तो आधी चुकीच्या माणसावर निघतो. "मग तेव्हाच का नाही बोललीस?" मी फोनवर ओरडले. आणि फोन ठेवून दिला. मी चुकले याचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून मोठी भीती ही होती की ही मुलगी आता बाळ घेऊन कुठल्या घरात परत येणार? ज्या घरात तिच्या आईने दिलेलं दोन वर्षांत उघडूनसुद्धा बघितलं गेलं नाही त्या घरात. दोन वर्षं जी सुटकेसमधून जगली तिला नवे दोन खण देऊन मी काय मोठा तीर मारला होता?

हे म्हणाले, "फोन कर विहीणबाईंना." मी म्हणाले, "फोनवर काय सांगू? चुकून तुमचीच तुम्हाला दिली असं?" ते म्हणाले, "हो, तसंच." पण मला ते जमेना. मी कपाटातल्या अकरा चांगल्या साड्या निवडल्या, त्यातली एकही नामपूरहून आलेली नाही याची सुनेला फोटो पाठवून खात्री केली, आणि दोन पिशव्या भरून सटाण्याच्या एसटीत बसले. प्रवासाला मी नेहमी एकच सुती साडी नेसते, धुऊन धुऊन मऊ झालेली, चुरगळली तरी कळत नाही अशी. तीच होती अंगावर, आणि काळं ब्लाऊज. सटाण्याला गाडी बदलून नामपूरला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं आणि बाजारात कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती.

विहीणबाई मशीनवर होत्या. मागच्या दोरीवर फॉलच्या पट्ट्या रंगवार लटकत होत्या. सून आतल्या खाटेवर बसली होती. मला बघून ती उठायला लागली, मी म्हटलं, बस. पाणी प्यायच्या आधीच मी सगळं बोलून टाकलं. टाचण्या, चिठ्ठ्या, नणंदेची वास्तुशांत, सगळं. आणि पिशव्या पुढे सरकवल्या. "या तुमच्यासाठी. आणि ती मला परत द्या, असं म्हणायची लाज वाटतेय, पण म्हणतेय."

विहीणबाईंनी सुईत ओवलेला दोरा तोडला. "वाईट वाटलं होतं, ताई. खोटं कशाला बोलू," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझ्या हातचा फॉल तुम्हाला हलका वाटला असेल. शहरात मशीनवर करतात, कसं सफाईदार दिसतं. म्हणून नेसली नाही, म्हणून देऊन टाकली."

"अहो, मी ती उघडलीच नव्हती," मी म्हणाले. "फॉल आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं."

माझ्या कानांना ते माझंच वाक्य फार वाईट ऐकू आलं. पण विहीणबाईंचा चेहरा एकदम सैल झाला. "उघडलीच नाही?" त्या म्हणाल्या आणि हसायला लागल्या. "नही उघडी? मंग बरं शे!" दहा-बारा दिवस, किंवा कदाचित दोन वर्षं, त्यांच्या मनात काय सलत असेल ते मला तेव्हा कळलं. त्यांच्या कामात खोट नव्हती, एवढंच त्यांना हवं होतं. मला रडू आलं. मी लपवलं नाही.

अकरा साड्या त्यांनी एकेक करून बघितल्या, काठ उलटे करून. "मला कशाला इतक्या? माझ्याकडे कपाट नाही," त्या म्हणाल्या. "यांना फॉल लावते मी. खळ्यावर कांदे निवडायला बाया येतात, त्यांना देऊ. फॉल लावलेली दिली म्हणजे त्याच दिवशी नेसता येते. नाहीतर नुसती साडी देऊन काय, तिच्यावर अजून खर्चच." आमच्या कामवाल्या मावशीला मी गेल्या दिवाळीत अशीच नुसती साडी दिली होती, आणि तिने ती कधी नेसली नाही म्हणून मनातल्या मनात तिला नावं ठेवली होती. ते तिथे बसल्या बसल्या मला आठवलं.

मग त्यांनी आतून अंजिरी साडी आणली. "परत देते, पण पाकिटात घालून नाही. तुमच्या कपाटाचा भरवसा नाही. इथंच घडी मोडा."

"आत्ता?"

"आत्ता. काळं ब्लाऊज कशावरही चालतं."

मी आतल्या खोलीत जाऊन नेसले. काठ पायाशी नीट, जड होऊन पडला. निऱ्या एका झटक्यात जमल्या. टाका मी शोधून पाहिला, वरून कुठेच दिसत नव्हता. बाहेर आले तर सून माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, "आई, तुम्हाला खरंच शोभते." दोन वर्षांत तिने माझं असं तोंडावर कौतुक केलेलं मला आठवत नाही. मीही तशी संधी दिली नव्हती.

मी उतरवलेली सुती साडी विहीणबाईंनी उचलली होती. त्या ती बोटांत चोळत होत्या, गालाला लावून बघत होत्या. "किती वर्षांची?"

"असेल सतरा-अठरा."

"ही ठेवून जा," त्या म्हणाल्या. "बाळाला पहिले दिवस नवं कापड नको. जुनं, मऊ, घरच्यांनी वापरलेलं लागतं. माझ्या दोन साड्यांची दुपटी झाली. बापाकडच्या आजीचं एकही नव्हतं."

मी सुनेकडे पाहिलं. "मग मागायचं ना, बाई."

ती खाली बघून म्हणाली, "मागणार होते, आई. पण तुमच्या कपाटात सगळं नवंच होतं."

ती टोमणा मारत नव्हती. खरं तेच सांगत होती. विहीणबाईंनी कात्रीने काठाला एक छेद दिला, एक टोक स्वतः धरलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं. आम्ही दोघींनी ओढलं. इतक्या वर्षांची साडी, पण कापड चिवट निघालं, एकदम फाटेना. सून खाटेवरून हसत म्हणाली, "आई, जोर लावा. अजून सहा दुपटी व्हायचीत."

मी पदर खोचला आणि जोर लावला.