मागे घेतलेले पाय

जिवतीच्या डोंगरात भेटलेल्या त्या म्हाताऱ्या बाईचे नाव मी विचारले नाही. कॉलेजच्या शिबिरातून परतताना वाट चुकलो आणि तिच्या अंगणात पोहोचलो. मोहाच्या फुलांच्या वासात सगळी दुपार पेंगत होती. बाईने मला खाटेवर बसवले, लोटाभर पाणी आणले आणि पाहुण्याचे पाय धुवायला खाली बसली. मी संकोचून पाय मागे घेतले.

तिचा हात तसाच थांबला. चेहरा पडला.

"काऊन गा, माह्या हातचं पानी चालत नाई का तुले?"

"तसं नाई, बाई. तुमी मोठ्या आहा."

"मंग मोठ्याचं आयक ना! आन ते पाय इकडं."

मी पाय पुढे केले. गार पाणी घोट्यांवरून सावकाश उतरले. ती आता स्वतःशीच हसत होती.

येशू आपल्या शिष्यांचे पाय धुवायला वाकला तेव्हा त्यांच्यातला पेत्र नको म्हणाला. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातला तो भाग वाचताना मला पेत्राची नम्रताच दिसायची. त्या क्षणी प्रभूच्या चेहऱ्याला काय झाले, ते तिथे लिहिलेले नाही. मी तो चेहरा एकदा पाहिला आहे, असे मला वाटते.